पाठमोरी मातूता

आमच्या देवळाला मागून वाट नाही. पुरुषभर उंच दगडी जोतं, त्यावर देऊळ, आणि पायऱ्या तेवढ्या समोरून. पुढून चढायचं, पुढूनच उतरायचं. पूर्वी ग्रीक व्यापारी इथं मुक्कामाला असत, ते नाक मुरडायचे. "आमच्याकडे चारी बाजूंनी पायऱ्या असतात. तुमची देवी काय लोकांना भिते?" माझा नवरा तेव्हा देवळाचा राखणदार होता. तो म्हणायचा, "भीत नाही. कुणी कुठून यायचं ते ती ठरवते, एवढंच." नवरा गेला आणि किल्ली माझ्या कमरेला आली. राखणदारी बाईनं करावी की नाही यावर गावात चार दिवस काथ्याकूट झाला. दुसरं कुणी पुढं येईना, तेव्हा विषय मिटला.

मातूता ही पहाटेची आई. तिचं जुनं देऊळ लाकडाचं होतं आणि तोंड उगवतीला होतं. दिवसाचा पहिला उजेड थेट तिच्या मांडीवरच्या बाळावर पडायचा म्हणे. मग कुठल्याशा लढाईत ते जळालं. वडीलधाऱ्यांनी नवं बांधायला घेतलं तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणाला, देवळाचं तोंड रस्त्याकडे फिरवू, येणाराजाणारा चार नाणी टाकेल. देवीला कौल लावला, पक्षी शुभ बाजूला उडाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. पहाटेच्या देवीची पाठ पहाटेकडे झाली. पुढं नवा रस्ता दरीच्या पलीकडून गेला, व्यापारी गेले, बाजार गेला, आमचं ताल्विया गाव ओस पडत चाललं. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं. आता देवी दिवसभर काटेरी झुडपं बघत बसते आणि मी तिच्याकडे बघत बसते.

खांब साध्या मऊ दगडाचे आहेत, वर चुन्याचा गिलावा देऊन संगमरवराचा आव आणलेला. गिलावा पडला की मी चुना कालवून लिंपते. छपराच्या कडेला मातीचे मुखवटे आहेत, बायकांचे, हसरे. निम्म्यांची नाकं वाऱ्यापावसानं गेलीत. मी त्यांच्याशी बोलते. न बोलून सांगते कुणाला.

मागच्या भिंतीला लागून जमिनीवर जुन्या देवळाची वेदी तशीच आहे. देवाला दिलेली वस्तू हलवता येत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी ती जागच्या जागी ठेवली. तिच्या शेजारी खड्डा आहे, वर दगडी झाकण. फुटलेले मुखवटे, नवसाची मातीची बाळं, जे देवीचं झालं आणि निकामी झालं, ते त्यात पुरायचं. आवाराबाहेर काही जात नाही.

त्या वेदीवर मधोमध एक खळगा आहे. दरसाल उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी मी मागे झाडायला गेले की त्यात खापरपोळीचा करपलेला तुकडा असायचा, मुंग्यांनी वेढलेला. मला वाटायचं, कुणी मेंढपाळीण असेल, पुढून यायला लाजत असेल. मी तुकडा खड्ड्यात पुरायची आणि मुंग्यांना शिव्या द्यायची. मागच्या साली मात्र खळगा कोरडा होता. म्हटलं, गेली वाटतं बिचारी.

आता उत्सवाचं सांगते, त्यावाचून पुढचं कळणार नाही. गहू पिवळे पडले की एका सकाळी गावातल्या बायका मधाच्या पोळ्या तापल्या खापरात भाजून देवीला आणतात. एका दासीला आत आणून गालावर चापट मारून बाहेर काढतात. का, ते कुणी सांगू शकत नाही, पण करतात. मग एकाच नवऱ्याची झालेली बाई मूर्तीला हार घालते. आणि मग प्रत्येकीनं लेकरासाठी मागायचं. पण स्वतःच्या नाही. बहिणीच्या. या देवळात आईनं आपल्या पोरासाठी काही मागितलेलं चालत नाही. माय मरो, मावशी जगो म्हणतात ना, आमच्या देवीनं ते फारच मनावर घेतलंय.

मला बहीण एकच. आमच्यात बापाच्या कुळाचं नाव सगळ्या मुलींना, म्हणून आम्ही दोघीही हेरेनिया. मी थोरली, ती धाकटी. तिला एक मुलगी, सेया. मला एक मुलगा, कायसो. सेयासाठी मी मागायचं, कायसोसाठी तिनं. एका ताटात जेवल्यासारखा सोपा व्यवहार होता तो.

धाकटीचा नवरा तरणाताठा गेला. वर्ष सरलं नाही तोच तिनं पलीकडच्या खोऱ्यातल्या एका खेचरवाल्याशी लग्न केलं. केलं तर केलं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण उत्सवाला ती हार घेऊन थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आली.

"अक्के, बाजूला हो."

"हार इकडे दे, मी घालते. तू ओसरीत उभी राहा."

"ओसरीत परक्या उभ्या राहतात."

"दोनदा लग्न झालेलीनं मूर्तीला हात लावायचा नाही. नियम मी केलाय का?"

"नियम तू केला नाहीस, पण तुला तो गोड लागतोय." तिनं हार खाली टाकला. "तुझ्या देवळाची पायरी पुन्हा चढले तर नावाची हेरेनिया नाही मी!"

ती खांबांमधून तरातरा खाली उतरली. गावातल्या बायकांना सालभराचा विषय मिळाला. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. नियम मोडायचे तर देऊळ कशाला हवं, गोठा पुरे. पण तिनं शब्द पाळला. त्यानंतर ती पायरी चढली नाही.

कायसो तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता. पुढं तो सैन्यात गेला. लांब उत्तरेला, दानुवियुस नदीच्या काठी त्यांची छावणी. हिवाळ्यात ती नदी इतकी गोठते की तिच्यावरून गाडी जाते, असा त्याचा निरोप आला होता. मी दर उत्सवाला सेयाचं नाव घ्यायची. भांडण बहिणीशी, पोरीशी नाही. नाव घेऊन झालं की पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. धाकटी येत नव्हती. माझ्या पोराचं नाव या देवळात कुणी घेत नव्हतं. देवीच्या कानाशी बसलेली मी, आणि मलाच मागायची मुभा नव्हती.

या वसंतात एका संध्याकाळी सैन्यातून सुटलेला एक माणूस दाराशी आला. त्यानं कायसोचा कमरपट्टा माझ्या हातात ठेवला. पितळी चकत्यांचा, एक चकती सैल. हिवाळ्यात ताप आला, म्हणाला, चार दिवसांत आटोपलं. त्याला मी वाटीभर डाळीचं कालवण दिलं. तो खाऊन पुढं गेला, त्याला त्याच्या आईकडे जायचं होतं. आमच्यात मेलेल्याला घरातल्या सगळ्यांनी नावानं हाका मारायच्या असतात, परत येतो का बघायला. सगळे म्हणजे मी. मी दार लावून घेतलं आणि हाका मारल्या. चार भिंतींत एकाच आवाजाच्या हाका फार वाईट ऐकू येतात.

गावात मी कुणाला सांगितलं नाही. चार बायका येणार, गळा काढणार, आणि जाताना म्हणणार, मावशीनं मागितलं नाही ना, म्हणून. ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. माझं मला पुरेसं ऐकू येत होतं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी पेत्तियाकडे पोळ्या भाजायला गेले. पेत्तिया आमची भटारीण. तिचं तोंड तिच्या भट्टीपेक्षा गरम.

"ऐकलंस का? तुझी सेया बाळंतपणाला आईकडे आलीय. पहिलटकरीण, अंगावर सूज आलीय म्हणतात. सुईण मान हलवते."

"कोण म्हणतं?"

"तिकडून येणारा लोकरवाला म्हणत होता. तो खोटं बोलतो, पण अशा बाबतीत नाही." तिनं खापर उलटलं. "उद्या जरा जोर लावून माग तिच्यासाठी. तुझं देवी ऐकते."

"माझं कधी ऐकलंय तिनं?"

"अगं बाई! राखणदारणीनंच असं म्हटल्यावर आम्ही काय करायचं? पोळ्या विकाव्या?"

ती हसली. मी हसले नाही. ठरवलं होतं मी. उद्या सेयाचं नाव घ्यायचं नाही. ओठ मिटून उभं राहायचं. ज्या मावशीला माझ्या पोरासाठी पायरी चढवली नाही, तिच्या पोरीसाठी मी का घसा कोरडा करू? मनात असं बोलले आणि त्याच क्षणी सेयाचं लहानपणीचं बोबडं बोलणं आठवलं. तरीही ठरवलं ते ठरवलं. पोळी माझ्या वाटणीची एक भाजून घेतली, ती करपली. पेत्तिया म्हणाली, लक्ष कुठाय तुझं.

उत्सवाच्या दिवशी अजून फटफटायचं होतं तेव्हा मी पट्टा घेऊन निघाले. घरात तो डोळ्यांसमोर नको होता आणि टाकवत नव्हता. खड्ड्यात ठेवला की देवीचा झाला, मग माझी त्यावर नजर नाही की हक्क नाही. जोत्याला हात लावत लावत मी बाजूनं मागे वळले. तिथं कुणीतरी बोलत होतं.

वेदीपाशी एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, हात वर, तोंड उगवतीला. मी कोपऱ्यावरच थांबले.

"मातूता माते, थोरल्या हेरेनियाचा कायसो त्या गारठ्याच्या नदीकाठी आहे. त्याच्या पायांना ऊब दे. त्याला वेळेवर जेवायला मिळू दे. वाट चुकू देऊ नको, आईच्या दारापर्यंत आण. तिचं तोंड वाईट आहे, पण तिला दुसरं कुणी नाही."

आवाज जाडा झाला होता, पण मी तो कुठंही ओळखला असता. तिनं पोळी खळग्यात ठेवली, वळली आणि मला पाहिलं.  तीच आधी बोलली.

"पायरी चढले नाही हं मी. उगाच भांडू नकोस. इथं पायरी नाही."

"दिसतंय मला."

"दरसाल येते. उजाडायच्या आत येते, उजाडायच्या आत जाते. शब्द मोडला नाही आणि कामही अडलं नाही."

"मी मेंढपाळीण समजत होते."

"मेंढपाळीण!" ती कंबरेवर हात ठेवून हसली. पुढचे दात गेले होते. "मधाची पोळी आणणारी मेंढपाळीण कुठं बघितलीस गं अक्के? डोळे पहिल्यापासून अधू तुझे."

मी भिंतीला हात लावला. इतकी वर्षं मी पुढच्या पायऱ्यांवर उभी राहून रस्ता बघत होते, आणि माझ्या पाठीमागं, या एका भिंतीपलीकडे, माझ्या पोराचं नाव घेतलं जात होतं. भिंतीला दार असतं तर.

"सेयाचे दिवस भरलेत," ती म्हणाली. हसू गेलं होतं. "बरं लक्षण नाही. मी तिला शेजारणीवर टाकून आले, मला लगेच परतायला हवं. अक्के, तू घेतेस ना अजून तिचं नाव? आपलं काही का असेना."

"दरसाल घेते."

"या साली जरा मोठ्यानं घे."

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. पट्टा मी पाठीमागं न्यायला हवा होता, पण हात हललाच नाही. ती जवळ आली. तिनं चकत्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, सैल चकतीपाशी थांबली.

"कधी?"

"हिवाळ्यात. ताप आला."

ती खाली बसली, मातीतच. मीही बसले. आम्ही रडलो की नाही ते मला नीट आठवत नाही. उजाडायला लागलं होतं आणि जुन्या वेदीवर तो पहिला उजेड आला, जो देवीला आता दिसत नाही. धाकटीनं पट्टा मांडीवर घेतला होता, तान्हं घ्यावं तसा.

"अक्के," ती म्हणाली, "मागच्या साली मी आले नव्हते."

मी खळग्याकडे बघितलं.

"पाय मोडला होता. खाटेवर होते. पोळीवर नाव घेतलं आणि लोकरवाल्याबरोबर पाठवली. म्हटलं, देवळामागं जुनी वेदी आहे, खळग्यात ठेव. तो आला आणि म्हणाला, ठेवली. पण त्याच्या दाढीला मध लागल्यासारखा वाटला मला. वर्षभर ते डोक्यातून जात नाही." तिनं माझं मनगट धरलं. "पोचली होती का? तू झाडतेस ना इथं? तुला दिसली असेल. दिसली होती का?"

कोरडा खळगा मला लख्ख आठवत होता. त्यात एक वाळकं पान होतं, तेसुद्धा आठवत होतं. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि तो माझाच होता, थोडा धाकटा. वसंतापासून मी रोज रात्री ज्या गोष्टीनं स्वतःला आणि तिला सोलत होते, ती गोष्ट ती आता माझ्याकडे मागत होती. हो म्हण, नाही म्हण.

"दिसली होती," मी म्हटलं.

"खरं?"

"मुंग्या लागल्या होत्या. नेहमीसारखी करपलेली. तुला आईसारखं भाजायला कधी जमलंच नाही. मीच पुरली, या खड्ड्यात."

"वेदीवर हात ठेवून सांग."

धाकटी अशीच आहे. लहानपणीही शेंगा वाटल्या की शपथ घालायची. आमच्यात वेदीवर हात ठेवून खोटं बोललेल्याचं आणि त्याच्या लेकराबाळांचं काय होतं ते मी शेजारपाजारच्या पोरांना दरसाल सांगते, आणि ती पोरं रात्री झोपत नाहीत. मी दगडावर हात ठेवला. दगड अजून गार होता.

"पोळी पोचली होती," मी म्हटलं. "तुझ्याकडून काही राहिलं नाही. ताप होता, धाकटे. ताप कुणाचं ऐकत नाही."

तिनं श्वास सोडला. वर्षभराचा सोडला असेल. मी खड्ड्याचं झाकण सरकवलं, आणि आम्ही दोघींनी मिळून पट्टा खाली सोडला. खाली कुठंतरी मातीच्या बाळांवर तो पडल्याचा आवाज झाला.

"वर ये," मी म्हटलं. "ओसरीत तरी ये. आता काय राहिलंय भांडायला?"

"नाही गं. पायरी चढणार नाही म्हणाले होते ना, देवीसमोर. देवीशी खोटं बोलायचं का मी?" तिनं पदर सारखा केला. "पोरगी एकटी आहे. पण तू नाव घेईपर्यंत इथंच थांबते. मग निघते. घे हं मोठ्यानं."

मी कोपरा वळले आणि जोत्याच्या कडेनं पुढं आले. मागून पुढं यायला ती सबंध लांबी चालावी लागते, दुसरा इलाज नाही. पेत्तिया आणि दोघी-तिघी पायऱ्यांशी उभ्या होत्या. पेत्तिया म्हणाली, "कुठं होतीस? दासी केव्हाची चापट खायला तयार आहे." मी दार उघडलं. दासीला आत आणलं, मारलं, बाहेर काढलं. मी मूर्तीला हार घातला. ओल्या छपरानं तिच्या गुडघ्यावर डाग पडलाय, तो हारानं झाकला.

मग नाव घ्यायची वेळ आली. मी देवीच्या कानाशी वाकले आणि आधी हळू बोलले, पेत्तियाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. म्हटलं, मागं वेदीवर जे बोलले ते माझं आहे. ते माझ्या माथी घाल. मला आता लेकरू नाही, माझ्याकडून काय न्यायचं ते ने. पोरीच्या अंगाला लावू नको.

मग सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "धाकट्या हेरेनियाची सेया. तिला सुखरूप सोडव."

बायका बघायला लागल्या, इतकं मोठ्यानं. मागची भिंत हातभर जाड आहे. तिच्यातून पलीकडे काही ऐकू जात नाही, हे राखणदारणीला नाही तर कुणाला ठाऊक असणार. तरी मी पुन्हा एकदा घेतलं, त्याहून मोठ्यानं.